स्लगने हरणाची शिकार करायची, तर शॉटगन कुठली घ्यायची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. हा लेख अमेरिकेत, त्यातही ओहायो, इलिनॉय, आयोवा ह्या मक्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी लोकांसाठी आहे, जिथे व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत, शेताचं नुकसान होतं, रात्री हायवेवर गाड्यांसमोर येतात, आणि राज्य सरकार स्वतः टॅग (हरीण मारायचा परवाना) देऊन दरवर्षी ठराविक दिवसांत शिकार करू देतं. आपल्यातले बरेच जण आता इथल्या मित्रांबरोबर जायला लागलेत आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो की बंदूक कुठली घेऊ.

माझं उत्तर असं की नुसती बंदूक निवडूच नका. बॅरल (बंदुकीची नळी), स्लग (शॉटगनमधून छर्ऱ्यांऐवजी मारायची एकच मोठी गोळी) आणि तुम्ही किती लांबून मारणार ते अंतर, हे तिन्ही एकदम ठरवायचं असतं, एक बदललं की बाकीचं बदलतं. दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस १२ गेज (गेज म्हणजे नळीचं माप, ते पुढे येतंच), ३ इंची मॅग्नम म्हणजे लांब, जोरदार काडतुसं, मोठा स्कोप असं सगळं हातात ठेवतो, आणि मग पहिल्या तीन गोळ्यांत खांदा सुजतो आणि पुढे आयुष्यभर ट्रिगर दाबताना डोळे मिटायची सवय लागते. ते टाळायचं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी कागदपत्रं आणि नियम

हे कंटाळवाणं आहे पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने तुम्ही शॉटगन घेऊ शकता. पण एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक विकत घेणं सोडाच, रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) मित्राची हातात घेणंसुद्धा मना आहे, त्याला मोजके अपवाद आहेत आणि आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. चालू हा शब्द नीट लक्षात ठेवा. लायसन्स संपलं आणि बंदूक घरात राहिली तर तुम्ही कायद्याच्या बाहेर गेलात, म्हणून शिकारीचा सीझन संपला तरी लायसन्स रिन्यू करत राहायचं. आणि इथे इमिग्रेशनचं स्टेटस पणाला लागलेलं असतं, तेव्हा थोडी जरी शंका असली तर वकिलाला विचारून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक होतो. त्या फॉर्मवर गांजाबद्दलचा प्रश्न आहे, तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय राज्याची स्वतःची कार्डं असतात, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, न्यू जर्सीत परचेसर आयडी कार्ड. ते यायला वेळ लागतो म्हणून उन्हाळ्यातच अर्ज करा. हंटर एज्युकेशनचा कोर्ससुद्धा तेव्हाच उरकून घ्या, तसा तो बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन करता येतो, पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गात बसा, तिथे शिकवणारे म्हातारे लोक असतात आणि त्यांच्याकडून जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही.

आता शॉटगनच का हा प्रश्न. ह्या सपाट भागात रायफलची गोळी फार लांब जाते, वस्ती आणि फार्महाऊस जवळजवळ, म्हणून बरीच वर्षं इथे फक्त शॉटगन आणि मझललोडरला (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची बंदूक) परवानगी होती. ते आता सैल होतंय. ओहायोने २०१४ मध्ये स्ट्रेट-वॉल (टोकाला न निमुळत्या, सरळ नळकांड्यासारख्या) काडतुसांच्या रायफली चालू केल्या, आयोवाने २०१७ मध्ये, इलिनॉयने २०२३ पासून एकच गोळी बसणाऱ्या सिंगल शॉट रायफलींना परवानगी दिली. म्हणजे तुमच्या राज्यात शॉटगन सक्तीची आहे की फक्त एक पर्याय आहे हे आधी बघा. जर ३५० लेजंड किंवा ४५० बुशमास्टर ही अशी स्ट्रेट-वॉल काडतुसं चालत असतील आणि तुम्हाला फक्त हरणासाठीच बंदूक हवी असेल, तर खरं सांगायचं तर तो रस्ता सोपा आहे. शॉटगनचा फायदा असा की बॅरल बदललं की तीच बंदूक टर्की, बदकं, क्ले शूटिंग सगळ्याला चालते, आणि मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हरणासाठी रायफल चालतच नाही. आणखी एक, ओहायो आणि इलिनॉयमध्ये हरणासाठी शॉटगनमध्ये एकूण तीनच शेल (शॉटगनची काडतुसं) बसले पाहिजेत, मॅगझिनमध्ये, म्हणजे शेल साठवायच्या नळीत, जास्त शेल बसू नयेत म्हणून प्लग घालून ठेवा, नव्या बंदुकीबरोबर तो बहुतेक वेळा येतोच. नियम दरवर्षी थोडे बदलतात तेव्हा राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं त्या वर्षीचं पुस्तक उघडूनच बघायचं, मित्राच्या आठवणीवर जायचं नाही.

तुम्ही कशी शिकार करणार?

ह्याचं उत्तर आधी हवं, बंदूक नंतर. इथे ढोबळमानाने दोन प्रकार चालतात. एक म्हणजे ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) किंवा ब्लाइंडमध्ये (आडोशाच्या खोपीत) तासन् तास बसणं, हरीण सावकाश चालत येतं, तुमच्याकडे वेळ असतो, बंदूक कठड्यावर टेकवता येते. दुसरा ड्राइव्ह, आयोवात डिसेंबरच्या शॉटगन सीझनला हे फार चालतं, काही लोक झाडीतून चालत हरणं उठवतात आणि बाकीचे टोकाला उभे राहतात. तिथे हरीण पळत येतं, जवळून येतं, आणि इकडे-तिकडे माणसं उभी असतात.

बसून करणाऱ्याला अचूक बंदूक हवी, वजन थोडं जास्त असलं तरी चालतं, स्कोप हवा. ड्राइव्हवाल्याला हलकी, पटकन खांद्याला येणारी बंदूक हवी, साधी साइट (नेम धरायची खूण) किंवा अगदी कमी पॉवरचा स्कोप, आणि त्याने अंतर ५० यार्डांच्या आत ठेवावं. मी स्वतः नवख्याला ड्राइव्हला जाऊच नको म्हणतो, निदान पहिली दोन वर्षं. पळणाऱ्या हरणावर स्लग मारणं हे अनुभवी माणसालासुद्धा धड जमत नाही, आणि जखमी हरीण झाडीत मरायला सोडून येणं ह्यासारखं वाईट काही नाही.

मग जागा बघा. ज्या शेतावर किंवा जंगलात जाणार तिथे एकदा चालत जाऊन लेझर रेंजफाइंडरने मोजा. ओढ्याकाठच्या दाट झाडीत ६० यार्डांपलीकडे काही दिसतच नाही, तिथे १५० यार्डांची बंदूक घेऊन काय करणार. उलट सोयाबीनच्या कापलेल्या शेताच्या कडेला बसणार असाल तर साधं बॅरल अपुरं पडेल.

बॅरल आणि स्लग, इथेच सगळं ठरतं

शॉटगनची बॅरल मूळची आतून गुळगुळीत असते, तिला स्मूथबोअर म्हणतात. तिच्यासाठी जी स्लग येते ती रायफल्ड स्लग, आणि नावावरून इथेच लोक फसतात. रायफल्ड स्लग ही रायफल्ड (आतून वळणदार आटे पाडलेल्या) बॅरलसाठी नाही, ती गुळगुळीत बॅरलसाठी आहे. तिच्या अंगावर ज्या तिरक्या रेघा असतात त्यांनी ती फार काही फिरत नाही, त्या रेघांचं खरं काम असं की चोकमधून (नळीच्या टोकाच्या अरुंद भागातून) जाताना शिसं दबायला जागा मिळते. ती सरळ जाते कारण वजन पुढे असतं आणि मागची बाजू पोकळ, बॅडमिंटनच्या शटलसारखी. हा फॉस्टर स्लग, अमेरिकेत १९३१ मध्ये आला. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकेने स्वतःची स्लग काढली होती, ती भरीव, कडक शिशाची आणि मागे वॅड (भरावाची चकती) जोडलेली असते, ती खोलवर आत जाते.

सेबो स्लग हे वेगळं प्रकरण. त्यात बॅरलपेक्षा लहान व्यासाची गोळी प्लास्टिकच्या कपात बसवलेली असते, कप रायफलिंगला, म्हणजे आतल्या आट्यांना, धरतो, गोळीला फिरकी देतो आणि बाहेर पडल्यावर गळून पडतो. हिला आतून आटे असलेली रायफल्ड बॅरल लागतेच. गुळगुळीत बॅरलमधून सेबो मारली तर तिला फिरकीच मिळत नाही, ती कोलांट्या खात जाते आणि टार्गेटवर आडवं भोक पडतं, पैसे वाया आणि हरीण जखमी. उलट फॉस्टर स्लग रायफल्ड बॅरलमधून मारली तर बंदूक फुटत नाही, पण आटे शिशाने भरतात आणि अचूकपणा जातो.

तर तीन पर्याय आहेत. पहिला, स्मूथबोअर, सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक (अजिबात किंवा अगदी थोडाच अरुंद) आणि फॉस्टर किंवा ब्रेनेके स्लग. नीट साइट असेल तर ७५ यार्डांपर्यंत हे काम चोख होतं, चांगल्या बंदुकीतून १०० सुद्धा जमतं, पण नेमाला बॅरलच्या टोकावरचा नुसता मणी असेल तर ५० च्या पुढे जाऊ नका. फुल, म्हणजे खूप अरुंद, चोक लावून स्लग मारू नका. दुसरा, रायफल्ड चोक ट्यूब, म्हणजे तुमच्या आहे त्याच बॅरलच्या टोकाला आटे असलेली छोटी नळी बसवायची. स्वस्तातला मधला मार्ग आहे, सेबो त्यातून बऱ्यापैकी जाते, १०० यार्डांच्या आत ठीक. तिसरा, पूर्ण रायफल्ड बॅरल आणि सेबो, हे १५० यार्डांपर्यंत आरामात जातं आणि चांगल्या बंदुकीतून, चांगल्या हातात थोडं पुढेही.

आकडे बघितले की फरक कळतो. १२ गेजची १ औंसाची फॉस्टर साधारण १६०० फूट प्रति सेकंदाने निघते, पण तिचा आकार बोथट, १०० यार्डांवर वेग ९५०-१००० च्या घरात येतो. ५० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवली, तर १०० वर ती ५ इंचांच्या आसपास खाली पडते. १२ गेजची ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सेबो २००० च्या आसपास निघते, टोकदार असते, १०० यार्डांवर अडीच इंच वर ठेवली तर १५० च्या जवळपास झिरो येतो. हरणाच्या छाती-फुफ्फुसाचा भाग साधारण ८ इंचांचं वर्तुळ धरतात, तेव्हा सेबोला १५० पर्यंत वर-खाली धरायची गरजच पडत नाही. वाऱ्याने मात्र दोन्ही सरकतात, रायफलच्या गोळीपेक्षा बऱ्याच जास्त, आणि नोव्हेंबरमध्ये ह्या मोकळ्या रानात वारा कधीच थांबत नाही, हे लोक विसरतात.

पैशांचा हिशेबही करा. स्लगचा डबा पाचचा येतो आणि सेबोचा डबा फॉस्टरच्या दुप्पट-तिप्पट पडतो. सराव करायला सेबो परवडणार नाही म्हणून सराव न करणारा माणूस आणि फॉस्टरने भरपूर सराव केलेला माणूस, ह्यांत मी दुसऱ्यावर पैज लावीन, अंतर ७० यार्डांच्या आत असेल तर नक्कीच.

बकशॉट (जाड छर्ऱ्यांचं शेल) काही राज्यांत चालतं, मिडवेस्टमध्ये हरणासाठी बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि चालत असलं तरी नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये.

१२ की २० गेज?

माझं ठाम मत २० गेज. गेज म्हणजे एक पाउंड शिशाच्या त्या मापाच्या किती गोळ्या होतात तो आकडा, म्हणून २० हा १२ पेक्षा लहान. १२ चा बोअर ०.७२९ इंच, २० चा ०.६१५. पूर्वी २० ला बायका-पोरांची बंदूक म्हणायचे, तेव्हा २० च्या स्लगसुद्धा यथातथाच होत्या. आता २० गेजची २५०-२६० ग्रेनची सेबो १८००-१९०० फूट प्रति सेकंदाने जाते, हरणाला ती पुरून उरते, आणि धक्का १२ पेक्षा कितीतरी कमी बसतो. ७ पाउंडाच्या बंदुकीतून १२ गेजची ३ इंची सेबो मारली तर तो धक्का ३०-०६ रायफलपेक्षाही जोरात असतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच खांदा पुढे झटकतो आणि मग कितीही महाग स्कोप लावा, गोळी खालीच जाते.

१२ कधी घ्यावी? स्मूथबोअर आणि फॉस्टरच वापरायची असेल तर १२ ला माल जास्त मिळतो, स्वस्त मिळतो, छोट्या गावातल्या दुकानातही मिळतो. किंवा तीच बंदूक बदकं-गीजसाठीही हवी असेल तर. पण तेव्हाही हरणासाठी पावणेतीन इंची शेलच घ्या, ३ इंचीची गरज नसते, साडेतीन इंचीची तर अजिबात नाही. चेंबर (शेल बसतं ती जागा) किती इंची आहे ते बॅरलवर कोरलेलं असतं, ३ इंची शेल पावणेतीन इंची चेंबरमध्ये कधीही घालायचं नाही. शेलची लांबी उडल्यानंतरची मोजतात, म्हणजे न उडलेलं लांब शेल आखूड चेंबरमध्ये बसतं आणि सगळं ठीक वाटतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि प्रेशर वाढतं.

घरात दोन्ही गेज असतील तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. २० चं शेल १२ च्या बॅरलमध्ये गेलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, दिसत नाही, वाटतं चेंबर रिकामं आहे, मग मागून १२ चं शेल भरून उडवलं की बॅरल फुटते आणि हात जातात. म्हणून अमेरिकेत २० ची शेलं पिवळी करतात. तरीही एका जॅकेटच्या खिशात दोन्ही ठेवायची नाहीत, बॅगा वेगळ्या, घरी जागाही वेगळी.

आता बंदुका

बजेट कमी असेल तर पंप, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून शेल भरायची बंदूक. मॉसबर्ग ५०० किंवा त्याच घराण्यातली मॅव्हरिक ८८, आणि जुनी रेमिंग्टन ८७०, जी १९५० पासून बनतेय आणि सेकंडहँड बाजारात ढिगाने मिळते. मॉसबर्ग ५०० चा कॉम्बो मिळतो, त्यात पक्ष्यांसाठी २८ इंची साधी बॅरल आणि हरणांसाठी २४ इंची रायफल्ड बॅरल, दोन्ही एकाच डब्यात, आणि बॅरल बदलणं दोन मिनिटांचं काम. एकच बंदूक ठेवायची असेल तर मी हाच सुचवतो. मॅव्हरिक ८८ ला मॉसबर्ग ५०० च्या बऱ्याच बॅरल बसतात, फक्त मॅगझिन ट्यूबची लांबी जुळली पाहिजे, म्हणजे स्वस्त बंदूक घेऊन नंतर रायफल्ड बॅरल जोडता येते. जुनी ८७० घेताना बॅरलवरचं चेंबर वाचा, अ‍ॅक्शन रिकामी करून पुढे-मागे ओढून बघा, बॅरलला आतून गंज किंवा फुगवटा आहे का ते लाईट टाकून बघा.

बदलत्या बॅरलची एक मर्यादा आहे, बॅरल रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यात) नुसती सरकवलेली असते म्हणून किंचित हलते. स्कोप रिसीव्हरवर लावला आणि बॅरल हलली की नेम बदलला. ह्यावर उपाय कँटिलिव्हर बॅरल, तिच्यावरच स्कोपची पट्टी जोडलेली असते, त्यामुळे स्कोप बॅरलबरोबरच राहतो आणि काढून परत लावली तरी झिरो जवळपास तोच राहतो. पंपसाठी रायफल्ड बॅरल घ्याल तर कँटिलिव्हरवालीच घ्या.

फक्त हरणासाठी, फक्त स्टँडवर बसून, आणि अचूकपणा हवा असेल तर सॅव्हेज २२०. २० गेज, बोल्ट अ‍ॅक्शन, बॅरल रायफलसारखी रिसीव्हरला पक्की बसवलेली, आट्यांची फिरकी २४ इंचांत एक, ट्रिगर स्वतःला ॲडजस्ट करता येतो. पंप शॉटगनचा जड, खरखरीत ट्रिगर आणि हा ट्रिगर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि १०० यार्डांवर तो टार्गेटवर दिसतो. तिचाच १२ गेज भाऊ २१२, पण मी २२० च घेईन. तोटा हा की ती दुसऱ्या कशाच्याच कामाची नाही.

एच अँड आर कंपनीची अल्ट्रा स्लग हंटर नावाची सिंगल शॉट जुन्या बाजारात दिसली तर थांबा. जाडजूड बॅरल, वजनदार, त्यामुळे धक्का कमी आणि अचूक. २०१५ मध्ये बनायची बंद झाली. खांद्यावर घेऊन मैलभर चालायला जड आहे पण ब्लाइंडमध्ये बसायला उत्तम. सेमी-ऑटोपैकी (पुढचं शेल आपोआप भरणाऱ्या) शेल उडताना होणाऱ्या गॅसवर चालणाऱ्या बंदुका धक्का बऱ्यापैकी खातात, १२ गेजच हवी आणि खांदा नाजूक असेल तर रेमिंग्टन ११०० किंवा ११-८७ बघा. डावखुरे असाल तर इथाका ३७ किंवा ब्राउनिंग बीपीएस, दोन्हींतून रिकामं शेल खालून पडतं, तोंडासमोरून जात नाही. मॉसबर्ग ५०० चा सेफ्टी वरती अंगठ्याखाली असतो, तोही डावखुऱ्यांना सोयीचा.

फिटिंगकडे आपले लोक अजिबात लक्ष देत नाहीत. इथल्या बंदुकांचा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) साधारण १४ इंचांचा, सहा फुटी माणसासाठी. आपण पाच-साडेपाच फुटी माणसं, त्यावर डिसेंबरचं जाड जॅकेट, मग बंदूक वर घेताना बट, म्हणजे स्टॉकचं मागचं टोक, काखेत अडकतो. दुकानात जाताना थंडीचं जॅकेट घेऊन जा, लोक बघतात तर बघू देत, ते घालून बंदूक दहादा खांद्याला लावा, डोळे मिटून लावा आणि मग उघडा, साइट सरळ डोळ्यासमोर आली पाहिजे. नसेल येत तर कमी लांबीचा यूथ किंवा बँटम स्टॉक बघा, किंवा स्पेसर काढून लांबी कमी करता येते ती मॉडेल. बायकोसाठी घेत असाल तर तिलाच घेऊन जा, तुमच्या खांद्याला लावून तिची बंदूक ठरवू नका.

स्कोप

स्लगसाठी मोठा स्कोप लागत नाही. २-७ पॉवरचा किंवा त्याहून कमी, ड्राइव्हसाठी १-४. आय रिलीफ (स्कोप आणि डोळा ह्यांतलं अंतर) साडेतीन-चार इंच तरी हवा, नाहीतर धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर बसते आणि रक्त येतं. शॉटगनसाठीचे स्कोप मिळतात त्यांचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) ५० किंवा ७५ यार्डांना नाहीसा होईल असा लावलेला असतो, तो आपल्या अंतरांना बरोबर पडतो. स्वस्त स्कोप २२ रायफलला (छोट्या, कमी धक्क्याच्या) चालतो, स्लगच्या धक्क्याला आतून सुटतो. बंदुकीत पैसे वाचवा, स्कोप आणि रिंग्जमध्ये नको. स्मूथबोअरला स्कोप नको असेल तर मागे-पुढे साइट असलेली स्लग बॅरल घ्या, फायबर ऑप्टिकची साइट पहाटेच्या अंधुक उजेडात बरी दिसते.

झिरो करणं

बंदूक आणली की सप्टेंबरमध्येच रेंजवर जा, सीझनच्या आदल्या शनिवारी नाही, तेव्हा अख्खा काउंटी तिथे असतो. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण, खांद्याला पॅड, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या. स्कोपचे सगळे स्क्रू आधी नीट कसा.

पहिल्यांदा २५ यार्ड, कागदावर गोळी कुठे लागते ते बघायला. स्कोपचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच असेल तर २५ वर त्याच्या चौपट क्लिक लागतात, हे विसरलं की दोन डबे उगाच संपतात. मग ५०, तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका), मग १००. एका गोळीवरून स्कोप फिरवू नका, तीन मारून त्यांचा मध्य बघा. बॅरल गार होऊ द्या, गरम बॅरलचा ग्रुप वर-वर सरकतो आणि हरणावर तुम्ही गार बॅरलचीच पहिली गोळी मारणार असता.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्लगचा एकेक डबा घ्या आणि तुमच्या बंदुकीला कुठली आवडते ते बघा. हॉर्नाडी, फेडरल, रेमिंग्टन, विंचेस्टर, ब्रेनेके, एकाच बंदुकीतून एकीचा ग्रुप १०० यार्डांवर ३ इंच आणि दुसरीचा ९ इंच येतो, आणि त्याच मॉडेलच्या शेजारच्या बंदुकीत बरोबर उलटं. दर प्रकारानंतर बॅरल पुसून घ्या, सेबोचं प्लास्टिक आणि फॉस्टरचं शिसं दोन्ही आत चिकटतं. जी जमली तिचे चार-पाच डबे एकदम घ्या, शक्यतो एकाच लॉटचे, आणि पुढची काही वर्षं तीच. मटण घरी लहान मुलं खाणार असतील तर शिसं नसलेल्या तांब्याच्या सेबोही मिळतात, महाग आहेत पण मी त्या खर्चाच्या बाजूने आहे.

बेंचवर, म्हणजे रेंजवरच्या टेबलावर टेकवून, ग्रुप जमला की बेंच सोडा. बसून, गुडघ्यावर टेकून, झाडाला टेकून मारा, जॅकेट आणि हातमोजे घालून मारा. कागदी ताटलीवर ८ इंचांचं वर्तुळ काढा. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या त्यात पडतात, सगळ्या, तेच तुमचं अंतर. डब्यावर २०० यार्ड लिहिलेलं असलं आणि तुमच्या ताटलीवर ८० यार्ड आले तर तुमचा आकडा ८०.

शिकारीच्या दिवशी हरणाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. स्लग फार लांब जात नाही म्हणून सुरक्षित, हा समज पूर्ण खरा नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाच्या समितीने २००७ मध्ये ह्यावर अभ्यास करून घेतला होता, त्यात असं निघालं की बंदूक जवळपास आडवी धरून मारलेली स्लग जमिनीवर आपटून उसळली की रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकते. सपाट शेतात उभं राहून, हरीण आभाळाच्या रेषेवर असताना मारणं म्हणजे पुढच्या शेतातल्या माणसावर मारणं. ट्री स्टँडचा मोठा फायदा हाच, गोळी वरून खाली जाते आणि मागे जमीन असते. नारिंगी जॅकेट आणि टोपी किती हवी ते राज्याच्या पुस्तकात असतं, इलिनॉयमध्ये ४०० चौरस इंच आणि टोपी, पण मापं कशाला काढत बसता, पूर्ण जॅकेटच घाला. स्टँडवर चढताना बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची, खांद्याला लावून चढायचं नाही.

घरी आल्यावर बंदूक आणि शेल वेगवेगळ्या कुलपांत. ओल्या थंडीतून उबदार घरात आणली की बंदुकीवर पाणी धरतं, ती लगेच सेफमध्ये कोंबू नका, तासभर सेफबाहेर ठेवून पुसा, बॅरलमधून प्लास्टिक किंवा शिसं काढा, तेलाचा हलका हात फिरवा. आणि स्कोप कुठेही आपटला, गाडीत बंदूक पडली, किंवा बॅरल काढून परत लावली तर पुढच्या सीझनच्या आधी, शक्य झालं तर दुसऱ्याच दिवशी, ५० यार्डांवर दोन-तीन गोळ्या मारून झिरो तपासून घ्या.